भुऱ्या रात्री रडतो, आणि मग मीही

पत्र

ताई, अकरा दिवसांपूर्वी आम्ही कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. आणलं तेव्हा ते बरोबर आठ आठवड्यांचं होतं. रंग मातकट, म्हणून मुलीने नाव ठेवलं भुऱ्या. ती नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं हट्ट धरून बसली होती. रात्री त्याला स्वयंपाकघरात ठेवून दार लावतो. तो दीड-दोन तास रडतो, दार खरवडतो. "लक्ष देऊ नका, चार दिवसांत गप्प होईल" असं सगळे म्हणाले होते. आज अकरावा दिवस. दिवसभर घरभर शू चालू असते. मागच्या अंगणात अर्धा तास ठेवलं तरी तिथे करत नाही, आत येऊन पायपुसण्यावर करतो. माझे यजमान त्याचं नाक त्यात घासतात, म्हणजे लक्षात राहील म्हणे. तो मान खाली घालून कोपऱ्यात जातो. म्हणजे चूक कळते ना त्याला? मग पुन्हा का करतो? मुलीचे हात ओरबाडलेत, काल संध्याकाळी तर दात लागून रक्त आलं. आता ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसते. शेजारचे सांगतात, मालक कोण ते आत्ताच दाखवून द्या, नाहीतर डोक्यावर बसेल. लस एकच झाली आहे, म्हणून त्याला घराबाहेर काढलेलं नाही. आज पहाटे चार वाजता फरशी पुसताना मला रडू आलं. कुणाला बोलले नाही, पण सारखं वाटतं, चूक तर नाही ना केली आपण? परत देऊन टाकावं का?
— एक वाचक

उत्तर

बाकी सगळं नंतर बोलू, आधी मुलीच्या हाताचं बघा. भुऱ्या साडेनऊ आठवड्यांचा आहे, म्हणजे त्याला रेबीजची लस अजून मिळालेली नसणार. ती साधारण बाराव्या आठवड्यानंतर देतात. दात लागून रक्त आलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. पिल्लू घरचं आहे, छोटं आहे, खेळता खेळता लागलं, यातलं काहीही मनात आणू नका. काल गेला नसाल तर हे वाचणं थांबवा आणि आधी जाऊन या. पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता तुमच्या शेवटच्या दोन ओळींकडे वळते, कारण पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांवर त्यांचं ओझं आहे. पहाटे चारला फरशी पुसताना रडू येणं आणि "परत द्यावं का" असं वाटणं, हे तुमच्या एकटीचं नाही. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याला 'पपी ब्लूज' असं नावच पडलंय. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. चिडचिड, धास्ती आणि थकवा, या तीन गोष्टी त्यांना पिल्लू आणणाऱ्या माणसांमध्ये पुन्हा पुन्हा दिसल्या. नवीन बाळंतिणीला जी उदासी येते तिच्याशी त्यांनी याची तुलना केली आहे. तुमची झोप अकरा दिवस मोडलेली आहे. झोप मोडलेलं माणूस कुठल्याही गोष्टीला चूक म्हणतं. त्यामुळे परत देण्याचा निर्णय आज घेऊ नका. झोप झाल्यावर त्याचा विचार करा, आणि त्या झोपेची सोय आपण आधी करू.

तर, रात्र. भुऱ्या जन्मल्यापासून छप्पन दिवस एकदाही एकटा झोपलेला नव्हता. पिल्लं ढिगाने झोपतात. एकाचं पोट दुसऱ्याच्या पाठीला, कुणाचा पाय कुणाच्या तोंडावर, आणि सगळ्यांच्या मधे आईची ऊब. तिथून उचलून, एका दिवसात, त्याला गार फरशीच्या बंद खोलीत ठेवलं. तो रडतो ती हाक आहे. आई, कुठे आहेस, एवढाच तिचा अर्थ. त्याला हट्ट म्हणायचं काहीच कारण नाही.

हे मी ठासून सांगते, कारण मी स्वतः ती चूक केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिलं पिल्लू आलं तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, दार लाव आणि कान बंद कर. तीन रात्री मी उशीत तोंड खुपसून काढल्या. चौथ्या रात्री आवाज आला नाही आणि मला वाटलं, जमलं. सकाळी दार उघडलं तर दाराच्या खालच्या काठाचा रंग वीतभर उडालेला, लाकडावर बारीक बारीक समांतर रेघा, आणि पिल्लाच्या पुढच्या एका पंजाचं नख मुळाशी लाल झालेलं. ते माझ्याकडे धावत आलं नाही. मग पुढे कित्येक महिने मी नुसती खोलीबाहेर गेले तरी ते कासावीस व्हायचं. हाक मारून कुणी येत नाही, एवढंच ते त्या रात्रींत शिकलं होतं, आणि ते मीच त्याला शिकवलं होतं.

म्हणून आज रात्री स्वयंपाकघराचं दार उघडं राहू दे. पुठ्ठ्याचं एक उंच, मजबूत खोकं घ्या, त्याला उडी मारून बाहेर येता येणार नाही इतकं उंच. क्रेट, म्हणजे कुत्र्यांसाठीचा जाळीचा पिंजरा, असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका. आत जाड चादर घाला आणि तुमचा एक दिवसभर अंगात घातलेला, न धुतलेला सुती कपडा ठेवा. खोकं तुमच्या पलंगाला लागून ठेवा, झोपल्या झोपल्या तुमचा हात त्यात पोचला पाहिजे. तो कुरकुरला की हात खाली सोडायचा, बोटं त्याच्या पाठीवर ठेवायची, बोलायचं नाही. बहुतेक पिल्लं त्या स्पर्शाने पाच-दहा मिनिटांत शांत होतात. "अशाने लाडावेल" असं कुणी म्हणेल, म्हणू दे. भीती वाटत असताना धीर दिल्याने कुठलंही पिल्लू बिघडलेलं मी पाहिलेलं नाही.

तासा-दोन तासांच्या झोपेनंतर उठून कुरकुरला तर तो बहुधा शू आल्याचं सांगतोय. लगेच उचला आणि ठरलेल्या जागी न्या. मोठा दिवा लावू नका, लाड नकोत, खेळ तर नकोच. शू झाली की हलक्या आवाजात शाबासकी द्या आणि परत खोक्यात ठेवा. या वयात रात्रीतून एक-दोनदा उठावं लागतंच. झोपण्याआधी तीनेक तास शेवटचं खाणं आणि अगदी झोपताना शेवटची शू, एवढं पाळलंत तर पहिली फेरी पुष्कळ पुढे जाते. पाणी मात्र तोडू नका. दोन-तीन आठवडे सलग शांत गेले की खोकं रोज वीतभर दाराकडे सरकवत न्यायचं. मग ते तुम्हाला हवं तिथे पोचेल आणि त्याला कळणारही नाही.

आता शू. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण घराघरांतली निम्मी भांडणं इथेच होतात, आणि भुऱ्याचं नाक घासणं आजपासून बंद व्हायला हवं.

दोन महिन्यांच्या पिल्लाच्या मूत्राशयावर त्याचा ताबा जेमतेम असतो. एक साधा अंदाज सांगतात, पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवायचा, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. भुऱ्यासाठी हे झाले तीन तास, तेही शांत पडलेलं असताना. जागं असून हुंदडत असेल तर पाऊण तास म्हणजे डोक्यावरून पाणी. म्हणून 'त्याला कळायला हवं' यापेक्षा 'मला आधी कळायला हवं' असं धरून चाला. वेळा ठरलेल्या असतात. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यानंतर पाच ते वीस मिनिटांत, खेळ थांबला की, आणि कुणी घरी आल्याच्या आनंदात. खेळता खेळता अचानक खेळ सोडून जमिनीला नाक लावून चालू लागला, गोल फिरू लागला, किंवा तुमच्याकडे पाठ करून खोलीच्या टोकाला निघाला, की समजायचं. त्यावेळी तुमच्या हातात दहा सेकंद असतात.

तीन दिवस एक काम करा. अंगणाच्या दाराशी वही आणि पेन्सिल दोरीने बांधून टांगा. कधी झोपला, उठला, खाल्लं, शू, शी, सगळ्यांनी फक्त वेळ लिहायची. मुलीला हे काम फार आवडेल. तिसऱ्या दिवशी वही वाचलीत की भुऱ्याचं घड्याळ तुमच्यासमोर असेल.

अंगणात करत नाही आणि आत येऊन पायपुसण्यावर का करतो? दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, अर्धा तास त्याला अंगणात 'ठेवता', तेव्हा तिथे मुंग्या आहेत, पानं हलतायत, हजार वास आहेत. शू करायला आलोय हे तो विसरतो, आणि आत ओळखीच्या जागी आल्यावर शरीर सैल पडतं. शिवाय साधारण याच वयात पिल्लांच्या पायांना ठराविक पृष्ठभागाची सवय लागते. पायपुसणं मऊ आहे, शोषून घेतं, त्यात कालचा वास आहे. त्याच्या हिशेबाने ती शू करायचीच जागा आहे. दुसरं कारण जास्त वाईट आहे. नाक घासल्यामुळे तो 'घरात करू नये' हे शिकलेला नाही. 'माणसांसमोर करू नये' हे शिकलाय. म्हणून तुम्ही अंगणात त्याच्याकडे बघत उभ्या असता तेव्हा तो धरून ठेवतो आणि तुमची पाठ वळली की करतो. पुढे हीच पिल्लं पलंगाखाली, सोफ्यामागे जाऊन करायला लागतात.

तेव्हा घरातली सगळी पायपुसणी आणि सतरंज्या महिनाभर उचलून ठेवा. जुन्या जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा, अमोनिया असलेल्या द्रवाने अजिबात नको. त्याचा वास मुतासारखाच असतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच येतं. अंगणात नेताना पट्टा लावून न्या, रोज एकाच कोपऱ्यात. तिथे झाडासारखं स्तब्ध उभं राहा. बोलू नका, खेळू नका, फोन बघू नका. पाच मिनिटांत नाही केली तर आत आणा, पण सोडू नका. मांडीवर घ्या किंवा पट्टा तुमच्या कमरेला बांधून ठेवा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा त्याच कोपऱ्यात न्या. केली की पूर्ण होईपर्यंत गप्प राहा. मधेच "शाब्बास!" ओरडलात तर तो अर्ध्यावर थांबून तुमच्याकडे धावत येतो, आणि उरलेली घरात. संपली की तिथल्या तिथे, त्याच सेकंदाला, खाऊचा कण तोंडात. घरात येऊन डबा उघडून दिलात तर त्याच्या लेखी ते बक्षीस घरात आल्याचं असतं. खाऊ खिशातच असू द्या.

घरात करताना सापडला तर "चल चल" म्हणत उचला आणि बाहेर न्या. करून झालेलं नंतर सापडलं तर एक शब्दही बोलू नका, पुसून टाका. तो क्षण त्याच्यापुरता संपलेला असतो.

"पण मान खाली घालतो ना!" हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कुणीतरी खरंच शोधलं आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ खाऊ नको असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे काही कुत्र्यांनी तो खाल्ला, काहींनी नाही. मालकाला मात्र कधी खरं सांगितलं, कधी खोटं. ते अपराधी डोळे आणि झुकलेली मान यांचा खाल्ल्या-न-खाल्ल्याशी संबंधच निघाला नाही. मालक रागावला की कुत्रा तसा दिसायचा, आणि काहीही न करता बोलणी खाणारे कुत्रे तर सगळ्यात जास्त 'अपराधी' दिसले. भुऱ्या कोपऱ्यात जातो तो तुमच्या यजमानांचा आवाज आणि उभं राहणं बघून. राग नको, मी लहान आहे, असं तो त्याच्या भाषेत सांगत असतो. त्यांना हे वाचून दाखवा. त्यांच्या मनात क्रूरपणा नाही हे मला कळतं. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलेलं असणार.

शेजाऱ्यांच्या 'मालक कोण' बद्दलही थोडं बोलते. ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले, एकत्र कोंडलेले लांडगे पाहून १९४७ मध्ये लिहिलं की लांडगे वरच्या जागेसाठी झुंजतात. पुढे डेव्हिड मेक या अभ्यासकामुळे 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द सगळीकडे पोचला, आणि त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे सत्तेची झुंज नसते. भुऱ्याला तुमच्या घराचा ताबा नकोय. त्याला फक्त इथे काय केलं की चांगलं होतं ते समजून हवंय. पाठीवर पाडून दाबून धरणं, मानगुटीला धरून हलवणं, तोंड मिटून धरणं, असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

चावण्याबद्दल. त्याच्या तोंडात अठ्ठावीस दुधाचे दात आहेत, सुईसारखे. ते चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवत राहतात आणि तोवर तो चावणारच. शिवाय दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ सोडून जातं. भुऱ्याला आता भावंडं नाहीत, तेव्हा 'जोरात चावलं की खेळ संपतो' हे तुम्हाला दाखवावं लागेल. हाताला दात लागले की हात मुठीत घ्या, ताठ उभं राहा, त्याच्याकडे बघूही नका. वीस सेकंदांनी पुन्हा खेळा. पुन्हा चावला तर जाळीच्या पलीकडे किंवा दुसऱ्या खोलीत अर्धा मिनिट. रागाशिवाय, आणि दरवेळी. लहान मुलं हात झटकतात, किंचाळतात, पळतात, आणि पिल्लाला तो सगळ्यात मजेदार खेळ वाटतो. मुलीला उपरण्याएवढं लांब, गाठी मारलेलं फडकं द्या, म्हणजे त्याचं तोंड आणि तिचा हात यात अंतर राहील. ते फडकं ओलं करून फ्रिजमध्ये गार केलंत तर हिरड्यांनाही बरं वाटतं. सध्या दोघांना एकटं सोडू नका, पाच मिनिटंसुद्धा.

तुमच्याकडे तो संध्याकाळी जास्त चावतो का, ते वहीत बघा. काल रक्त आलं तेही संध्याकाळीच, म्हणून विचारते. या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी अठरा ते वीस तास झोप लागते. घरात माणसांची वर्दळ असली की त्याला ती मिळत नाही. मग दिवेलागणीला ते वेड्यासारखं गोल गोल पळतं, कपडे ओढतं, घोट्यांना चावतं. आपल्याला वाटतं शक्ती उरली आहे, अजून खेळवू या. खरं तर ते पेंगुळलेल्या पोरासारखं किरकिरं झालेलं असतं. तासभर जागं राहिलं की त्याला खोक्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन निजवा. एवढ्या एका गोष्टीने चावणं निम्म्यावर आलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आता सांगते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. लस पूर्ण नाही म्हणून भुऱ्या घरातच आहे. तुमची काळजी रास्त आहे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या लसींना आड येऊ शकते, म्हणून लसी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत देत राहावं लागतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. अनोळखी कुत्रे जिथे फिरतात तिथे त्याचे पाय जमिनीला लागू देऊ नका, हे खरंच. पण दुसरीकडे एक खिडकी बंद होत असते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी 'आपल्या' म्हणून स्वीकारतं. त्यानंतर नवं म्हणजे आधी भीती. १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका प्रयोगाची हकिकत आली होती. काही पिल्लांना कुंपण घातलेल्या रानात माणसांपासून दूर वाढवलं होतं. चौदा आठवडे ज्यांना माणूस भेटलाच नाही ती पुढे रानटी जनावरासारखी माणसाला बुजत राहिली.

भुऱ्याच्या हातात चारेक आठवडे उरलेत. त्याला कडेवर घेऊन रोज पंधरा मिनिटं बाहेर पडा. छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, हेल्मेट, दाढी, रेनकोट, सायकल, धावणारी मुलं, हॉर्न, हे सगळं त्याला तुमच्या कुशीतून दिसू दे. दिसलं की खाऊचा कण द्या. त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, शेपूट पोटाशी घेतलं तर तेवढं अंतर त्याला झेपत नाही, चार पावलं मागे या. जबरदस्तीने जवळ नेऊ नका. घरात मिक्सर, व्हॅक्यूम लांबच्या खोलीतून ऐकवा. रोज एकदा पंजे, कान, ओठ, शेपूट हाताळा, पुढे डॉक्टरांकडे सोपं जातं. अमेरिकेतल्या पशुवर्तन वैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, सात-आठ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागी भरणाऱ्या पिल्लांच्या वर्गाला जाऊ शकतं. तिथे कारणही दिलंय. तीन वर्षांखालचे कुत्रे संसर्गजन्य रोगांपेक्षा वागणुकीच्या तक्रारींपायी जास्त जीव गमावतात. तुमच्या डॉक्टरांशी हे बोला, तुमच्या भागात रोगाची साथ आहे का ते त्यांना माहीत असतं.

एकटं राहणंही याच दिवसांत शिकवायचं, पण थेंबाथेंबाने. तो पोट भरून पेंगत असताना खोलीबाहेर जा, अर्ध्या मिनिटात परत या, काही झालंच नाही असं वागा. मग एक मिनिट, तीन, दहा. तो रडायच्या आत तुम्ही परतायला हवं.

खाण्याचं थोडक्यात. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, तीन महिन्यांनंतर तीनदा. आणलं तेव्हा जे खात होता तेच चालू ठेवा, बदलायचं तर आठवडाभर मिसळत मिसळत. गाईचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा. विजेच्या वायरीसुद्धा. उलट्या, रक्ताचे जुलाब, किंवा खाणं सोडून मलूल पडून राहिला तर उद्याची वाट बघू नका, पार्व्होत एक दिवससुद्धा फार असतो. दर दहा मिनिटांनी थेंब थेंब शू करत असेल तर ते शिकवण्याने जाणारं नाही, लघवीचा संसर्ग असू शकतो.

शिकवण्याची घाई करू नका. सध्या दोनच गोष्टी हव्यात. भुऱ्या म्हटलं की खाऊ, दिवसातून वीसदा, म्हणजे नाव ऐकताच मान वळेल. आणि "ये" म्हटल्यावर आला की दरवेळी त्याचं भलंच व्हायला हवं. रागवायला, आंघोळ घालायला, खेळ थांबवायला "ये" म्हणून बोलावू नका, तेव्हा स्वतः जाऊन उचला. दोन-तीन मिनिटांचे धडे, त्याला अजून हवं असतानाच थांबवलेले. घरात शब्द ठरवून घ्या. एकाने "ये", दुसऱ्याने "इकडे", तिसऱ्याने "चल" म्हटलं तर ते त्याच्यासाठी तीन वेगळे आवाज असतात.

परत देण्याबद्दल माझं मत विचारलंत तर सांगते. तो सोळा आठवड्यांचा होईपर्यंत थांबा. तेव्हाही घराला झेपत नाही असं शांत डोक्याने वाटलं, तर चांगलं घर शोधून देण्यात पाप नाही, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा. पण या पत्रात मला जे दिसलं ते असं की अकरा रात्री तुम्हीच उठताय. पहाटे चारलाही तुम्हीच होतात. तेव्हा आज संध्याकाळी खोकं तयार करा, आणि ते तुमच्या बाजूला ठेवण्याऐवजी यजमानांच्या बाजूला ठेवा. भुऱ्याला त्यांचा हात वेगळा कळायला हवा, नाक घासणारा हात म्हणून ओळखतो त्यापेक्षा वेगळा. रात्रीच्या फेऱ्या आज आणि उद्या त्यांच्या. तुम्ही मुलीच्या खोलीत झोपा, दार लोटून.